फोन लागेपर्यंत

शुक्रवार

आज वर्गात आज्ञार्थ घेतला. बसा, थांबा, इकडे या, तिकडे जा. ट्यूबलाइटने 'थांबा' आणि 'थांबवा' यांत घोळ घातला आणि सगळे हसले. ती बँकेत काम करते. कुठलीही गोष्ट तिच्या डोक्यात जरा उशिरा पेटते म्हणून वर्गाने तिला हे नाव दिलंय, आणि ती त्यावर सगळ्यांच्या आधी हसते.

तेवढ्यात हे खालून वर आले. खाली ह्यांचं चष्म्याचं दुकान, वर आमचं घर, आणि घराच्या बाहेरच्या खोलीत माझा वर्ग. गिऱ्हाईक सोडून हे कधी वर येत नाहीत.

"तुझ्या देशात काहीतरी झालंय," म्हणाले.

'तुझ्या देशात' हा ह्यांचा जुना विनोद. इतकी वर्षं मी तिकडची भाषा शिकवते आहे, पण तिकडे पाऊल ठेवलेलं नाही. पाण्यात न उतरता पोहायला शिकवणारी बाई, असंही हे मला म्हणतात.

टीव्ही लावला. भूकंप होऊन गेला होता आणि आता समुद्र आत येत होता. मला वाटायचं लाट म्हणजे उंच उठते, फुटते. ही फुटतच नव्हती. काळं, जाड पाणी नुसतं पुढे सरकत होतं आणि घरं त्याच्यासोबत निघाली होती, गाड्या, होड्या, एका घराच्या खिडकीत तर पडदा तसाच होता. मागे कुठेतरी भोंग्यावर एका बाईचा आवाज सारखा सांगत होता: उंचावर जा. पळा. मागे वळू नका.

आज्ञार्थ. तीच रूपं माझ्या फळ्यावर होती. वर्गात सगळ्यांना ते कळलं.

संध्याकाळी कंडक्टर आला. ड्युटीवरून थेट, गणवेशात, खांद्याला तिकिटांची पिशवी तशीच. त्याची बायको तिकडे किनाऱ्यावरच्या एका वृद्धाश्रमात काम करते. जायच्या आधी वर्षभर माझ्याकडे शिकत होती. बोलायला चुणचुणीत, लिहायला आळशी.

"बाई, तिचा फोन लागत नाही. टीव्हीवर खाली जे सरकतंय ते मला वाचून दाखवा."

मी वाचून दाखवलं. तिच्या गावाचं नाव आलं तेव्हा मी जरा अडखळले. त्याने ते पाहिलं.

शनिवार

सकाळपासून घरात माणसं. ज्यांना मी शिकवलं त्यांच्यातले पुष्कळ जण तिकडेच गेलेत, शिकले तेच मुळी त्यासाठी. आता त्यांचे आई-बाप, नवरे, बायका माझ्या जिन्यात उभे. तिकडच्या कार्यालयांत आपली भाषा कोणाला येत नाही, आणि ह्या माणसांना तिकडची येत नाही. मधे मी.

पहिला फोन लावला तो कंडक्टरच्या बायकोच्या गावाच्या नगर कार्यालयाला. पलीकडून एक माणूस बोलायला लागला आणि माझी पाचावर धारण बसली. पुस्तकातली भाषा नव्हतीच ती. किनाऱ्याकडची बोली, भराभर, शब्दांची शेपटं खाऊन टाकलेली. मी 'हो, हो' म्हणत राहिले. फोन ठेवला तेव्हा कंडक्टर माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय म्हणाले?"

"मला नीट कळलं नाही," म्हटलं.

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आत जाऊन तोंड धुतलं. हे मागून आले. "तुला येतं सगळं. तू चुकायला घाबरतेस," म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही चष्मे बघा. ते गेले, आणि थोड्या वेळाने दुकानातल्या सगळ्या खुर्च्या वर घेऊन आले. गिऱ्हाइकांना उभं ठेवलं असणार.

अंधार पडायच्या सुमाराला मावशी आल्या. मावशी म्हणजे वेल्डरच्या आई. आयुष्यभर रेनकोटच्या कारखान्यात शिवणकाम केलं आणि एकट्यानं मुलगा वाढवला. तो माझा आवडता विद्यार्थी. त्याच किनाऱ्यावरच्या गावात, गोदीत जहाजं दुरुस्त करतो. खरं तर सकाळपासून त्याचाच विचार मनात होता, पण विचारायचा धीर होत नव्हता.

"मावशी, फोन आला का त्याचा?"

"त्याच्या मित्राचा आला मघाशी," त्या म्हणाल्या. "तो आहे तिथेच. तुम्ही बाकीच्यांचं बघा."

हुश्श झालं. एक तरी काळजी मिटली. त्यांचे डोळे मात्र लाल, सुजलेले. ह्यांनी लगेच खालून थेंबांची बाटली आणून दिली आणि दिवसातून किती वेळा घालायचे ते समजावलं. मावशींनी बाटली मुठीत धरली आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर येताना सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या.

रविवार

आज ठरवलं. रडायचं नाही, लाजायचं नाही, फोन लावायचे. आपल्या पहाटे तिकडे कार्यालयं उघडतात, तेव्हापासून सुरुवात. रोजचे वर्ग बंद.

ट्यूबलाइट सुट्टी म्हणून आली ती संध्याकाळपर्यंत हललीच नाही. तिचं व्याकरण ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. पण ती फोनवर बिनधास्त म्हणते, "कळलं नाही. पुन्हा सांगा. हळू सांगा." आणि पलीकडचा माणूस खरंच हळू सांगतो! मला हे इतक्या वर्षांत सुचलं नाही. दुपारनंतर मीही तसंच म्हणायला लागले. पहिल्यांदा जीभ जड झाली, मग सवय झाली.

वृद्धाश्रमाची इमारत राहिलेली नाही. आतली माणसं कुठे गेली ते कोणाला माहीत नाही. कंडक्टरला हे मी सांगितलं. सगळं सांगितलं, गाळलं नाही काही. तो म्हणाला, "इमारत गेली ना? माणसं गेली असं तर कोणी म्हणालं नाही?"

"नाही."

"मग लावा पुढचा फोन."

मंगळवार

काल लिहायला बसलेच नाही.

आज मासळीच्या कारखान्यातल्या दोघी बहिणी सापडल्या. डोंगरावरच्या एका देवळात राहिल्यात, एकीचा हात मोडलाय. त्यांच्या वडिलांना मी फोन दिला तर त्यांना बोलताच येईना. नुसतं 'अगं... अगं...' चाललं होतं. मावशी त्यांच्या शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होत्या. "बोला, बोला, ऐकतायत त्या. आवाज ऐकू दे त्यांना बापाचा."

पण दोन घरं अशी आहेत की त्यांना मला वाईट सांगावं लागलं. एकाला फोनवर, एकाला समोर. शब्द ऐकताना मी आधी त्यांचा अर्थ लावते, मग तो आपल्या भाषेत आणते, आणि तेवढ्या मधल्या क्षणात ती बातमी जगात फक्त माझ्याकडे असते. तो क्षण संपूच नये असं वाटतं. मावशींनी हे ओळखलं असावं. दुसऱ्या वेळी माझा चेहरा बघूनच त्या उठल्या आणि समोर बसलेल्या बाईच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, मी तोंड उघडायच्या आधी.

हे जेवताना म्हणाले, "बातम्या लागल्या की मावशी आत जातात. पाहिलंस?"

"वय झालंय. आवाज सोसत नसेल."

 ह्यांना अजून काहीतरी म्हणायचं होतं बहुतेक, पण मी फार थकले होते.

बुधवार

मावशींना तिकडची भाषा शिकायची आहे! चहाची भांडी विसळता विसळता विचारलं, "'मी माझ्या मुलाला न्यायला आले आहे' हे कसं म्हणायचं?"

मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आता तो बरा घरी परत येईल, आईच न्यायला जाणार म्हटल्यावर न यायची काय बिशाद. मी त्यांना वाक्य शिकवलं. 'न्यायला' साठी तिकडे दोन क्रियापदं आहेत, एक वस्तूसाठी, एक माणसासाठी. शाळेतून मूल घरी आणतात ते माणसाचं. ते मी दिलं.

"हे माणसासाठीच वापरतात ना? नक्की?" त्यांनी दोनदा विचारलं.

"नक्की," म्हटलं. "तुमच्या मुलाला विचारा हवं तर. त्याला क्रियापदं पाठ होती सगळी."

"हो," त्या म्हणाल्या. "हुशार होता."

उच्चार अजून कच्चे आहेत, पण चिकाटी दांडगी. कपबशा पुसत पुटपुटत होत्या.

शुक्रवार

आज माझं डोकं फिरलं. लिहून टाकते, म्हणजे मोकळं वाटेल.

सकाळी एका तात्पुरत्या निवाऱ्यात कंडक्टरच्या बायकोचं आडनाव मिळालं. सगळे उठून उभे राहिले. मग कळलं, ती दुसरीच कोणी. कंडक्टर भिंतीला पाठ लावून खाली बसला. ट्यूबलाइटसुद्धा रडायला लागली. मला वाटलं, पुरे. कोणी नेमलंय मला? शिक्षिका आहे मी, मला नाही जमत हे.

तेव्हा मावशी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घोटभर घ्या आणि पुढचा नंबर लावा. अजून आहेत ना नंबर?"

मी फाडकन बोलले. "तुमचं बरं आहे मावशी. तुमचा सुखरूप आहे, म्हणून तुम्हाला धीर सुचतोय. ज्यांचं कोणी सापडत नाही त्यांना विचारा!"

 मावशींनी ट्रे खाली ठेवला, माझा कप उचलून माझ्या हातात दिला. "गार होतोय," एवढंच म्हणाल्या.

चहा प्यायले. पुढचा नंबर लावला.

माफी मागायला हवी. उद्या मागेन. त्या मनाला लावून घेणाऱ्या नाहीत.

शनिवार

सापडली!

हे असं एका शब्दात लिहायचं आणि वही बंद करायची, असं आधीच ठरवलं होतं. पण पुढे जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

डोंगरापलीकडच्या एका शाळेत फोन लावला होता. रस्ता तुटल्यामुळे तिथे इतके दिवस कोणी पोचलंच नव्हतं, फोन काल सुरू झाला. शाळेचा शिपाई म्हणाला, हो, वृद्धाश्रमातली माणसं इथेच आहेत, आणि एक परदेशी बाई आहे, फार मोठ्याने बोलते. मी म्हटलं, तीच!

ती फोनवर आली. मी फोन कंडक्टरला दिला, आवाज मोठा केला. तो काय बोलणार! आधी रडला, मग हसला, मग भांडायला लागला.

"परत ये. पहिल्या विमानानं ये. मी काही ऐकणार नाही."

"आत्ता कशी येऊ? आजीआजोबा आहेत इथे. पाठीवर घेऊन चढवलंय त्यांना. एक आजी माझा हात सोडत नाही, आंघोळीलासुद्धा."

"आणि मी? माझा हात कोण धरणार?"

"तुझी बस आहे ना. दांडा धर."

सगळी खोली हसली, रडता रडता. कंडक्टरने डोळे पुसले आणि म्हणाला, "ऐकलंत? ऐकलंत ना कशी बोलते? अगदी तीच आहे." मग म्हणाला, "बरं. राहा. पण रोज फोन कर."

मग तिने मला फोनवर बोलावलं. आभार वगैरे मानले, आणि जरा थांबून म्हणाली, "बाई, वेल्डरच्या आईजवळ कोणी आहे ना? त्याचा मित्र कालच इथे शाळेत पोचलाय. म्हणाला, पाणी आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना कळवलं. डोंगरावर चढून, फोन लागेपर्यंत चालत गेला तो. एकट्या असतील हो त्या. कोणीतरी जा त्यांच्याकडे."

आवाज मोठाच होता. सगळ्यांनी ऐकलं.

मला ते वाक्य आपल्याच भाषेत सांगितलं होतं, तरी अर्थ लागायला वेळ लागला. लाल डोळे. बातम्या लागल्या की आत जाणं. हुशार 'होता'. आणि मी कौतुकाने क्रियापद शिकवलं होतं. आणि काल काय बोलले होते!

मी आत गेले. मावशी गाळणं धूत होत्या. त्यांनीही ऐकलंच असणार.

"मावशी."

"मिळाली ना बायको त्याची? फार छान झालं."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी नळ बंद केला. "सांगायलाच आले होते त्या दिवशी. घरी भिंतीशी किती बोलणार? जिना चढून आले तर इथे ही गर्दी. तुम्ही फोन धरून, घामाघूम. सांगितलं असतं तर सगळे माझ्याभोवती बसले असते. मग फोन कोणी लावले असते?"

"पण इतके दिवस, तुम्ही नुसता चहा..."

"नुसता नाही. इथे रोज कोणाचं ना कोणाचं माणूस सापडत होतं. ते कानावर पडायचं. बरं वाटायचं. घरी काय होतं?"

"काल मी तुम्हाला..."

"ते जाऊ द्या. काल तुम्ही फोन सोडून देणार होतात, त्याची मला जास्त भीती वाटली."

मग मात्र त्या ओट्याला धरून खाली बसल्या. मी त्यांच्याजवळ बसले. किती वेळ ते माहीत नाही. बाहेर ट्यूबलाइटने पुढचा फोन लावलेला ऐकू येत होता.

सोमवार

मावशींचा मुलगा मित्राला दुसऱ्या दिवशी गोदीच्या जिन्यात सापडला. तिकडच्या लोकांनी त्याच्या देहाला तात्पुरती जागा दिली आहे. घरचं कोणी आल्याशिवाय पुढचं काही करणार नाहीत. मावशी जाणार. त्यांचं ठरलेलंच होतं, म्हणून तर ते वाक्य.

"एकट्या?" मी विचारलं.

"एक वाक्य येतंय की," म्हणाल्या.

मी म्हटलं, मी येते.

 हे चष्मा पुसत होते, ते पुसतच राहिले. मला वाटलं, नको म्हणतील, तिथे अजून धक्के बसतायत. "फोनचं काय?" एवढंच विचारलं.

"ट्यूबलाइट बघेल. सुट्टी टाकतेय ती."

"मग जा. तिकिटांचं मी बघतो." आणि जिन्यात गेल्यावर वळून म्हणाले, "तुझ्या देशाला सांग, बायको धड परत पाठव."

बुधवार

विमानतळ उघडायची वाट बघण्यात दिवस जातायत. मावशी रोज येतात. आता त्या बोलतात त्याच्याबद्दल. लहानपणी तो रेनकोटच्या कापडाच्या तुकड्यांची बोट करून बादलीत सोडायचा. आम्ही सगळे ऐकतो, आणि मग फोन लावतो. अजून काही जण सापडायचे आहेत. ट्यूबलाइटला मी बोलीभाषेतले शब्द फळ्यावर लिहून दिलेत. तिने त्यातले दोन चुकीचे आहेत असं दाखवलं. बरोबर होतं तिचं.

रविवार, तिकडे

मी इथे आहे. हे वाक्य लिहितानाही खरं वाटत नाही.

वास येतो, चिखलाचा आणि डिझेलचा. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना पडलेलं सगळं नीट रचून ठेवलंय, लाकूड एकीकडे, लोखंड एकीकडे. खांद्याला खांदा लावून माणसं काम करतायत. कंडक्टरची बायको आम्हाला न्यायला आली होती. बारीक झालीय, आवाज तसाच. मुलाचा मित्र मावशींच्या पायाशी बसून रडला. त्यांनी त्याला उठवलं, "जेवलास का?" विचारलं.

काल अंत्यविधी झाला. मावशींनी सगळं स्वतः केलं. ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे.

मंगळवार

आज कागदपत्रांसाठी नगर कार्यालयात गेलो. खरं कार्यालय वाहून गेलंय. एका गोदामात टेबलं मांडलीत. टेबलामागे एक माणूस, चाळिशीतला, दाढी वाढलेली, सदरा मात्र इस्त्रीचा. तो बोलायला लागला आणि मी चमकले. शब्दांची शेपटं खाणारा तोच आवाज, पहिल्या दिवशी फोनवर माझी गाळण उडवणारा. आज मला त्याचं सगळं कळत होतं.

तो फार अदबीने बोलला. मुलाचं नाव नीट उच्चारायचा प्रयत्न केला. सह्या कुठे करायच्या ते दाखवलं. शेवटी म्हणाला, आमच्या गावात तुमच्या मुलाला सांभाळता आलं नाही, क्षमा असावी.

मी मावशींना सांगितलं. त्या बघत राहिल्या त्याच्याकडे. मग मला म्हणाल्या, "त्याला विचारा, तुमच्या घरचे सगळे बरे आहेत ना?"

मी विचारलं.

त्याने लेखणी खाली ठेवली. आमच्या मागे लोकांची रांग होती. तो त्या रांगेकडे बघत होता, आमच्याकडे नाही. म्हणाला, आईचा पत्ता नाही. रोज इथे येतो, संध्याकाळी शोधायला जातो. मग पटकन म्हणाला की हे सांगायला नको होतं, माफ करा.

मी भाषांतर केलं. आवाज हलू दिला नाही.

मावशी उठल्या. आपली खुर्ची उचलून टेबलाला वळसा घातला आणि त्याच्या शेजारी मांडून बसल्या. 

"विचारा," त्या मला म्हणाल्या, "आईचं नाव काय."

मी विचारलं. त्याने सांगितलं.

मावशींनी ते नाव म्हणून पाहिलं. चुकलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. त्याने त्यांच्याकडे वळून ते हळूहळू, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मावशी त्याच्या ओठांकडे बघत होत्या. मग त्यांनी ते बरोबर म्हटलं, आणि त्याने मान हलवली.